फॅक्ट बटणाचा कस: कॅसिओ एफएक्स-९९१ईएस प्लस आणि ४२९४९६७२९७

कॅसिओच्या या कॅल्क्युलेटरवरचं, संख्येचे मूळ अवयव पाडणारं फॅक्ट बटण जोखायला १०१४ सारखी संख्या पुरत नाही. २ × ३ × १३² हे तोंडीही निघतं. त्यापेक्षा ४२९४९६७२९७ घ्या, म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. संख्या दहा अंकी, आणि यंत्राची मर्यादाही दहा अंकांचीच. गणिती फर्माला ही मूळ संख्या वाटली होती. तिला ६४१ ने पूर्ण भाग जातो हे ऑयलरने १७३२ मध्ये शोधलं.

संख्या टाइप करून आधी = दाबा. मग शिफ्ट आणि अंश-मिनिट-सेकंदाचं बटण. फॅक्ट त्याच बटणाच्या वर छापलेलं आहे. पडद्यावर दशांश, अपूर्णांक किंवा ऋण उत्तर असताना दाबलंत तर मॅथ एरर येतो. इथे उत्तर येतं:

६४१ × (६७००४१७)

खरी मेख त्या कंसात आहे. हे यंत्र तीन अंकी मूळ संख्यांपर्यंतच, म्हणजे ९९७ पर्यंत, भाग देऊन पाहतं. पुढची मूळ संख्या १००९, तिचा वर्ग १०१८०८१. उरलेला भाग याहून लहान असेल तर तो मूळ असणारच, म्हणून कंस नाही. तेवढा किंवा मोठा असेल तर यंत्र तो कंसात टाकून थांबतं. कंस म्हणजे ‘मूळ’ असं समजून वहीत उतरवलंत की फसलात! १०२२११७ देऊन बघा. तीही कंसातच येते, पण ती आहे १००९ × १०१३.

मग ६७००४१७ मूळ आहे की नाही? बाकीचं काम हातानं करावं लागतं, आणि ते फार सुंदर आहे. ४२९४९६७२९७ चा प्रत्येक मूळ अवयव १२८ च्या पटीत १ मिळवून येतो (६४१ म्हणजे १२८ × ५ + १), तेव्हा ६७००४१७ चेही तसेच असणार. तिचं वर्गमूळ २५८८ च्या आसपास, ९९७ पर्यंतचं यंत्रानं तपासलेलंच आहे. मधे १०२५ पासून २५६१ पर्यंत अशा तेरा संख्या उरतात. त्या एकेक करून फॅक्टला द्या. इतक्या लहान संख्यांवर त्याचा शब्द पक्का. मूळ निघतात दोनच, ११५३ आणि १४०९. भाग दिला की ५८११.२८९… आणि ४७५५.४४१… येतं. पूर्ण भाग कुणाचाच जात नाही, म्हणजे ६७००४१७ मूळ.

एवढं करून देणारं बटण खिशातल्या यंत्रात असणं मला मोलाचं वाटतं. घेताना मात्र ‘प्लस’ बघूनच घ्या, नुसत्या ईएसवर फॅक्ट नाही. आणि २ चा ६४ वा घात अधिक १ याच्या नादी इथे लागू नका. ती वीस अंकी आहे, तिचा लहान अवयवच २७४१७७. त्यासाठी संगणकच हवा.