मुंबईत रोजच्या वापराला ब्रेझा: आधी पार्किंगची उंची मोजा

मारुती सुझुकी ब्रेझा घ्यायचं ठरवलं असेल तर शोरूमला जाण्याआधी टेप घेऊन सोसायटीच्या पार्किंगमध्ये उतरा. गाडीची लांबी 3995 मिलिमीटर, रुंदी 1790 आणि उंची 1685. लांबीची अडचण सहसा येत नाही, रुंदीही निभावते. गाडी अडते ती उंचीवर. रिडेव्हलपमेंट झालेल्या कितीतरी इमारतींत मेकॅनिकल पार्किंग (यंत्राने गाड्या एकावर एक ठेवणारं) आहे आणि त्यातले बरेच पॅलेट, म्हणजे गाडी उभी करायचे लोखंडी फलाट, सेडानच्या हिशेबाने, दीड मीटरच्या आसपास उंची धरून बसवलेले असतात. तिथे ही गाडी जाणारच नाही. आपल्या पॅलेटची उंची कमिटीकडून लेखी घ्या. ‘एसयूव्ही बसते की’ एवढ्या तोंडी उत्तरावर बुकिंगचे पैसे भरू नका. पिटमधला, म्हणजे जमिनीखालच्या खड्ड्यातला, सगळ्यात खालचा पॅलेट वाट्याला आला असेल, तर पाणी उपसणारा पंप चालू आहे ना, तेही बघून घ्या.

इंजिन एकच आहे: दीड लिटरचं, चार सिलिंडरचं पेट्रोल, सुमारे 103 पीएस. खरी निवड गिअरबॉक्सची. संध्याकाळी अंधेरी ते बोरिवली वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर मॅन्युअल चालवणं म्हणजे तासभर हाफ क्लच. पाय तर दुखतोच, पण क्लच प्लेटही झिजते. पुलाच्या चढावर गाडी ब्रेकऐवजी क्लचवर धरून ठेवण्याची सवय असेल तर आणखी लवकर. ब्रेझाचा ऑटोमॅटिक सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर आहे. ब्रेकवरून पाय काढला की गाडी आपसूक, एका लयीत पुढे सरकते. एएमटीसारखा (मॅन्युअल गिअरबॉक्सच यंत्राने चालवणाऱ्या स्वस्त ऑटोमॅटिकसारखा) गिअर बदलताना हिसका बसत नाही. मुंबईसाठी ब्रेझा घेण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच, असं आमचं स्पष्ट मत आहे. किंमत मात्र मोजावी लागते. कंपनी लिटरला 19.80 किलोमीटर सांगते, पण दाटीच्या ट्रॅफिकमध्ये 10 ते 12 च धरून चाला. शिवाय इंजिन 1200 सीसीच्या वरचं, त्यामुळे सप्टेंबर 2025 पासून छोट्या पेट्रोल गाड्यांना लागू झालेला 18 टक्के जीएसटी हिला मिळत नाही. 40 टक्के भरावा लागतो.

सीएनजी हवा असेल तर फक्त मॅन्युअल मिळते. टाकी 55 लिटरची, म्हणजे पूर्ण दाबाने साधारण 9 किलो गॅस. पण संध्याकाळी पंपावर दाब उतरलेला असतो आणि तेवढा गॅस जात नाही. पहाटे किंवा रात्री उशिरा भरा, रांगही कमी असते. टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने होणारी मजबुतीची तपासणी) दर 3 वर्षांनी करावी लागते. टाकीच्या प्लेटवरची या टेस्टची तारीख उलटली तर पंपावर गॅस मिळत नाही. आणि डिकी? पेट्रोलला 328 लिटरची, सीएनजीत टाकीने बहुतेक व्यापलेली. गणपतीला चार माणसांचं सामान घेऊन कोकणात उतरायचं तर कॅरिअरला पर्याय नाही.

खड्ड्यांसाठी गाडी उत्तम आहे. 215/60 आर16 टायरची भिंत जवळपास 13 सेंटिमीटर उंच आहे, त्यामुळे पेव्हर ब्लॉक आणि डांबर जिथे जुळतात त्या काठाचा दणका रिमपर्यंत सहज पोहोचत नाही. मोठी चाकं लावून ही भिंत कमी करण्याच्या फंदात पडू नका. पावसाळा संपला की अलाइनमेंट करून घ्या. हळू वेगात पुढून ‘टक-टक’ आलं तर आधी लिंक रॉड (सस्पेन्शनमधला छोटा जोडदांडा) तपासायला सांगा. स्वस्त भाग आहे. तो न बघता सस्पेन्शनचं मोठं बिल काढू देऊ नका. मागे ड्रम ब्रेक आहेत. 360 अंशांचा कॅमेरा फक्त झेडएक्सआय प्लस या सगळ्यात वरच्या व्हेरिएंटमध्ये मिळतो.

पावसाबद्दल नीट ऐका. एसयूव्ही आहे म्हणून मिलन सबवे किंवा हिंदमातासारख्या पाणी साचणाऱ्या जागी गाडी पाण्यात घालू नका. चाकाच्या मध्यापर्यंत, म्हणजे फूटभर पाणी दिसलं की थांबायचं. समोरून बस गेली की तिच्या लाटेने तेच पाणी बॉनेटपर्यंत चढतं आणि हवेच्या वाटेने इंजिनात ओढलं जातं. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, म्हणून इंजिनातला पिस्टनचा दांडा, कनेक्टिंग रॉड, वाकतो. गाडी पाण्यात बंद पडली तर एकदाही स्टार्टर मारू नका. बरंचसं नुकसान त्या एका प्रयत्नात होतं, आणि साध्या विम्यात ते सहसा बसत नाही. विमा घेतानाच इंजिन प्रोटेक्टचं कव्हर जोडून घ्या. गाडी न्यूट्रलला टाकून ढकलत कोरड्यात आणा आणि टोइंगवाल्याला बोलवा. ती पुढच्या चाकांवर चालते, त्यामुळे क्रेनने उचलताना पुढची चाकं वर घ्यायला सांगा. ऑटोमॅटिक असेल तर फ्लॅटबेडच, म्हणजे अख्खी गाडी वर चढवून नेणारा ट्रक, मागवा.