‘मुलांसाठी एकदम बेस्ट, साहेब’: मेंढपाळ जातीचं पिल्लू घेताना कुठे फसवलं जातं

बॉर्डर कॉली किंवा जर्मन शेफर्डचं पिल्लू घेताना लोक कागदांत फसतात, वयात फसतात, लशीत फसतात. पण सगळ्यात महाग पडणारी थाप विक्रेत्याच्या एका वाक्यात असते: “घरात लहान मुलं आहेत ना? मग हेच न्या, एकदम फॅमिली डॉग.” नवरा-बायको दोघं नोकरीवर, मुलं शाळेत आणि नंतर क्लासला, सकाळी आठ ते संध्याकाळी सात फ्लॅटला कुलूप, हे सगळं ऐकूनही तो हेच सांगतो. कागद खोटे निघाले तर पैसे बुडतात. हे वाक्य खोटं निघालं तर पुढची दहा-बारा वर्षं घराचे हाल होतात आणि त्या मुक्या जिवाचे त्याहून जास्त.

ही थाप खपते, कारण मेंढपाळ कुत्रा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे धनगराच्या वाड्यावरचा कुत्रा येतो. तो राखणीचा. मेंढरांसोबत चालायचं, रात्री लांडग्याची चाहूल लागली की उठायचं, बाकी वेळ सावलीत पडून राहायचं. बॉर्डर कॉलीचं काम अगदी निराळं. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरच्या डोंगरांत पांगलेली मेंढरं लांबून वळसा घालून, नुसत्या नजरेच्या धाकानं मालकापर्यंत आणायची. नॉर्दम्बरलंडमध्ये १८९३ साली अ‍ॅडम टेल्फर यांच्याकडे जन्मलेला ‘ओल्ड हेंप’ हा नर या जातीचा मूळपुरुष मानतात. त्यानंतरही पिढ्यान् पिढ्या पैदास झाली ती कामाकडे बघून, रूपाकडे बघून नाही. जर्मन शेफर्ड १८९९ साली माक्स फॉन श्टेफानित्स यांनी जात म्हणून उभी केली. तिकडे उभ्या पिकाच्या कडेनं मेंढरं चरायची आणि त्यांनी पिकात तोंड घालू नये म्हणून कुत्रा दिवसभर त्या कडेनं येरझारा घालायचा. चालतं-फिरतं कुंपणच ते. दोन खोल्यांच्या घरात तोच कुत्रा गॅलरीपासून दारापर्यंत येरझारा घालतो आणि जिन्यात पाऊल वाजलं की भुंकतो. शेजारी तक्रार करतात, घरचे त्याला बांधून ठेवतात, आणि बांधल्यावर तो आणखी भुंकतो.

मुलांच्या बाबतीत नेमकं काय होतं, ते नीट समजून घ्या. शिकारी जनावरात रोखून बघणं, दबा धरणं, पाठलाग, चावा आणि मारणं अशी साखळी असते. मेंढपाळ जातींत माणसानं मागचे दुवे बोथट केले आणि पुढचे धारदार ठेवले. सोसायटीच्या पार्किंगमध्ये मुलं पकडापकडी खेळायला लागली की सात-आठ महिन्यांचं पिल्लू मान खाली घालतं, पुढचा एक पाय हवेत अर्धवट उचलून थिजतं, डोळ्याची पापणी लवत नाही. मग अर्धगोल वळसा घेऊन मागून येतं आणि पळणाऱ्या पोराच्या पोटरीला चिमटा काढल्यासारखं चावतं. रक्त क्वचितच येतं, निळा डाग उठतो. मूल किंचाळून आणखी जोरात पळतं, आणि कुत्र्याच्या दृष्टीनं काम फत्ते झालेलं असतं. सायकल, स्कूटर, झाडूवालीचा झाडू, सगळ्यांना हेच लागू. तक्रार केली की विक्रेता म्हणतो, “दात येतायत, जाईल.” दुधाचे दात सहा-सात महिन्यांत पडून झालेले असतात. ही सवय मात्र तिथून पुढे दीड वर्षापर्यंत चढतच जाते.

जातिवंत, निरोगी बॉर्डर कॉलीला रोज दीड-दोन तास हवेत, तेही नुसतं पट्ट्यानं फिरवणं नाही. वास काढून वस्तू शोधणं, हुकूम ऐकून थांबणं-वळणं, डोक्याला काम. तासभर चेंडू फेकत बसलात तर कुत्रं दमत नाही, चेंडूपिसाट होतं. दोन महिन्यांच्या पिल्लाला दर दोन तासांनी शी-शूसाठी न्यावं लागतं. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये दाट अंगलोकरीच्या कुत्र्याला सकाळी सातच्या आत आणि अंधार पडल्यावरच बाहेर काढता येतं. मधले बारा तास घरातच. हे वेळापत्रक जमणार नसेल तर ही जात तुमच्या घरासाठी नाही, मुलांनी कितीही हट्ट धरला तरी.

आता बाजारातल्या बाकीच्या युक्त्या. ‘डबल कोट, हेवी बोन’ म्हणत जर्मन शेफर्डचे काही हजार जास्त घेतात. लांब केसांच्या पिल्लाला ते डबल कोट म्हणतात. खरं तर आखूड केसांच्या शेफर्डलाही आत मऊ लोकर असतेच, म्हणजे तोही डबल कोटच. वर कान उभे राहावेत म्हणून कॅल्शियमची बाटली गळ्यात मारतात. कान चार ते सहा महिन्यांत बहुधा आपोआप उभे राहतात. मोठ्या जातीच्या पिल्लाला चांगल्या आहारावर वरून जादा कॅल्शियम दिलं तर वाढत्या हाडांचं नुकसान होतं. “खुब्याचा एक्स-रे काढलाय, ओके आहे,” हेही ऐकू येतं. दोन महिन्यांच्या पिल्लाच्या एक्स-रेवरून पुढचं काही ठरत नाही. मागायचा तो आई-बापाचा, वर्ष उलटल्यावर काढलेला.

‘दुर्मिळ पांढरी’ कॉली किंवा ऑस्ट्रेलियन शेफर्ड दाखवली तर फार सावध राहा. ठिपकेदार करड्या रंगाचे, ज्याला मर्ल म्हणतात, असे दोन्ही आई-बाप असले की सरासरी चारातलं एक पिल्लू असं पांढरं निघतं आणि ते बहिरं, आंधळं किंवा दोन्ही असण्याचा धोका मोठा असतो. पिल्लाच्या मागे, त्याला दिसणार नाही असा किल्ल्यांचा जुडगा वाजवा. कान हलला नाही तर त्या किमतीचा अर्थ कळेल.

वयाची थाप सगळीकडे चालते. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. तरी ३५ दिवसांची पिल्लं ‘दोन महिन्यांची’ म्हणून जातात. तोंड उघडून बघा: दोन महिन्यांच्या पिल्लाला दुधाचे २८ दात असतात, दाढा आल्या नसतील तर वय कमी. मेंढपाळ जातीत तर आईपासून लवकर तोडल्याचं नुकसान दुहेरी, कारण चावा किती जोरात घ्यायचा हे पिल्लू त्याच आठवड्यांत भावंडांशी मस्ती करताना शिकतं.

लशीच्या कार्डावर कुपीचं लेबल चिकटवलेलं असतं. त्यावरचा बॅच क्रमांक, मुदत, डॉक्टरची सही आणि नोंदणी क्रमांक वाचा. नुसता शिक्का आणि तारीख असेल तर लस झालीच नाही असं धरा. पार्व्हो (पिल्लांना होणारा जीवघेणा विषाणूचा आजार) अंगात शिरल्यावर साधारण तीन ते सात दिवसांनी दिसतो, म्हणून ‘चोवीस तासांची गॅरंटी’ देणाऱ्याचं काहीच जात नाही.

‘केसीआय पेपर (केनेल क्लब ऑफ इंडियाचे वंशाचे कागद) तीन महिन्यांत घरपोच’ म्हणजे बहुतेक वेळा कधीच नाही. कातडीखाली बसवलेल्या ओळख-चिपचा १५ आकडी क्रमांक पिल्लू ताब्यात घेतानाच स्कॅनरनं वाचून कागदाशी जुळवा. चिप नसेल तर नंतर आलेले पेपर कोणत्याही पिल्लाचे असू शकतात. खरे पेपरही फक्त वंश सांगतात, तब्येत आणि स्वभाव नाही. ऑनलाइन फोटो पाठवून ‘गाडीभाडं’, मग ‘विमा’, मग ‘विमानतळाचा चार्ज’ असं टप्प्याटप्प्यानं मागणाऱ्याकडे बहुधा पिल्लूच नसतं. व्हिडिओ कॉलवर पिल्लाशेजारी आजचं वर्तमानपत्र आणि त्याची आई एकत्र दाखवायला सांगा.

आईला प्रत्यक्ष भेटा. ती माणसं बघून कोपऱ्यात दबत असेल किंवा दात दाखवत असेल तर परत फिरा. आणि तुम्हाला काय विचारलं जातं ते ऐका. दिवसा घरी कोण असतं, मुलं किती वर्षांची, सोसायटीत मोकळी जागा आहे का, याआधी कुत्रं पाळलं होतं का? खरा ब्रीडर हे विचारल्याशिवाय टोकन घेत नाही. ज्यानं फक्त “कॅश की जीपे?” विचारलं, त्यानं तुमच्या घराचा विचार केलेला नाही.

पिल्लू आणलंच असेल तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या, चिप स्कॅन करून घ्या, विष्ठेची तपासणी करा, वय आणि वजन केसपेपरवर लिहून घ्या. रफ कॉली (लांब केसांची, बॉर्डर कॉलीहून वेगळी जात) किंवा ऑस्ट्रेलियन शेफर्ड असेल तर विक्रेत्यानं गोचीड-खरजेसाठी आयव्हरमेक्टिन टोचलंय का, हे डॉक्टरांना सांगा. या जातींत एका जनुकदोषामुळे ते औषध मेंदूपर्यंत पोचून झटके येऊ शकतात. चॅट, पैसे पाठवल्याच्या पावत्या, जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. ऑनलाइन पैसे गेले असतील तर तासाभरात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, बाकीच्यांसाठी ग्राहक आयोग आहे. आणि पिल्लू दगावलं तर पुरण्याआधी डॉक्टरकडून कारण लेखी घ्या. विक्रेत्याचं पहिलं उत्तर ठरलेलं असतं: “तुम्हीच दूध पाजलं असेल.”