येवल्याची पैठणी आणि पर्समधलं पाकीट

आधी खरेदीचं सांगते. येवल्यातल्या एका घरगुती मागावरून मी लेकीच्या लग्नासाठी १९,२०० रुपयांना पैठणी घेतली. नारळी काठ, पदरावर मोरांची एकच ओळ, अंगावर नाण्याएवढ्या बुट्ट्या. ताणा म्हणजे उभे धागे डाळिंबी आणि बाणा म्हणजे आडवे धागे हिरवे, त्यामुळे उन्हात एक रंग दिसतो आणि सावलीत दुसरा. माल अस्सल, बोलणं सरळ, भाव वाजवी. घराला पाटी नाही. दोनच माग आहेत आणि त्यावर निघतं तेवढंच काम पुरे आहे, नाव कुठे टाकू नका, असं त्या विणकर दादांनी सांगितलं, म्हणून नाव लिहीत नाही. पण त्या दोन तासांत तिथे जे घडलं ते लिहिल्याशिवाय मला हा अनुभव पूर्ण वाटणार नाही.

मी नाशिकची, शरणपूरची. बाहेरच्यांना शरणपूर म्हटलं की शरणपूर रोड आठवतो, पण रस्त्याला ते नाव आमच्या गावावरून पडलं. १८५४ साली चर्च मिशनरी सोसायटीनं वसवलेलं हे ख्रिस्ती गाव. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकेतली मुलं इथे आणून शिकवली गेली. आफ्रिकेत फिरलेल्या मिशनरी संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या पार्थिवासोबत १८७४ मध्ये इंग्लंडला गेलेला जेकब वेनराईट इथलाच विद्यार्थी. अंगावरच्या कपड्यानिशी आलेल्या माणसांना आसरा देणाऱ्या गावाचं नाव आज ज्या रस्त्याला आहे, तिथे दुतर्फा काचेची दालनं आहेत. मी रोज तिथून चालत जाते. नवऱ्या मुलींचे पुतळे भरजरी शालू नेसून उभे असतात आणि लेकीचं लग्न ठरल्यापासून माझे पाय त्यांच्यापाशी आपोआप थांबायला लागले होते.

आमच्याकडे लग्नविधीला मुलगी पांढरी साडी नेसते, डोक्यावर व्हेल घेते. पैठणी हवी होती रिसेप्शनसाठी. लेक म्हणत होती, "आई, साधी काठापदराची चालेल गं." हट्ट तिचा नव्हता, माझा होता. जाऊबाईंच्या मुलीनं दोन वर्षांपूर्वी नेसलेली पैठणी साठ हजारांच्या पुढची होती आणि हॉलमध्ये तासभर तिचीच चर्चा चालली होती. आमचे हे तीन वर्षांपूर्वी प्रभूघरी गेले. बाप नाही म्हणून मुलीचं कमी केलं असं कुणी म्हणू नये, हे माझ्या मनात खोल रुतून बसलं होतं. बायबलमधल्या योहानाच्या पहिल्या पत्रात जगातल्या तीन गोष्टी सांगितल्या आहेत: देहाची वासना, डोळ्यांची वासना व संसाराविषयीची फुशारकी. चाळीस वर्षं मी हे वचन ऐकत आले आणि पहिल्या दोन शब्दांशी झगडत आले. तिसऱ्यापाशी माझंच घर आहे हे मला ठाऊक नव्हतं.

सुरुवातीला शहरातल्याच एका मोठ्या दालनात गेले. ते नाव लिहीत नाही. तिथे २४,००० रुपयांची साडी "प्युअर हँडलूम" म्हणून दाखवली. पदर उलटून बघायला मागितला तर मुलगी म्हणाली, "मॅडम, घडी मोडते." मी तरीही उलटला. मागच्या बाजूला तुटक्या धाग्यांचं जाळं होतं. परिचारिका म्हणून तेहेतीस वर्षं टाके बघितलेत मी, उलटी बाजू बघायची मला सवय आहे. त्यावर ती म्हणाली, "सहा हप्त्यांत करून देऊ, व्याज नाही." मी विचारलं होतं मागाचं, उत्तर आलं हप्त्यांचं. निघाले तिथून.

मग एका मैत्रिणीनं या येवल्याच्या दादांचा पत्ता दिला. एसटीनं गेले. चांदोरी, निफाड, विंचूर करत ८० किलोमीटरच्या आसपास अंतर आहे, दोन तासांहून जास्त लागतात. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे जाणं-येणं स्वस्तात होतं. स्टँडवर उतरून विचारत गेलात तर गल्लीत शिरल्यावर मागांची खटखट ऐकू येते.

दादांनी आधी काहीच विकायला काढलं नाही. चहा दिला आणि मागावर नेलं. त्यांची बायको खड्ड्यात पाय सोडून मागावर बसली होती. ताण्याच्या धाग्यांमधून रंगारंगाच्या छोट्या कांड्या एकेक करून फिरवत ती मोराची मान विणत होती. बोटभर विणायला किती वेळ जातो हे मी घड्याळ लावून बघितलं आणि भावाबद्दल घासाघीस करायची माझी हिंमत निम्मी झाली. रेशीम बंगळूरचं, जर सुरतेची, हात मात्र येवल्याचे, असं दादा म्हणाले. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, पण त्या नावाखाली यंत्रमागाचं कापड सर्रास विकलं जातं, हेही त्यांनीच सांगितलं. ओळखायचं कसं? हातमागावर पदराचे रंग एकमेकांत अडकवून विणतात, त्यामुळे मोर मागूनही मोरच दिसतो. मागे लोंबते किंवा कापलेले धागे दिसले तर ती दुसरी वस्तू. रेशमाचा एक धागा काढून जाळला तर केस जळल्याचा वास यावा आणि राख बोटांत चुरावी. मी न मागता त्यांनी धागा जाळून दाखवला. या एका गोष्टीसाठी मी त्यांना पैकीच्या पैकी देईन.

मग साड्या निघाल्या. मी २०,००० सांगितले होते आणि त्यांनी तेवढ्यातल्याच पाच दाखवल्या. चूक माझी. मीच कपाटातल्या वरच्या घडीकडे बोट केलं. "ती कोणती?"

ती जांभळी होती. पदरावर बांगडी मोर, काठात मुनिया पक्ष्यांची रांग, अंगभर मीनाकारीच्या बुट्ट्या. चार महिने लागले होते तिला. दादांनी ती माझ्या खांद्यावर टाकली आणि आरशात मला माझी लेक दिसली, आणि लेकीमागे जाऊबाईंचा चेहरा. भाव ४२,०००. बोलता बोलता ३८,५०० वर आला.

इथे पाकिटाचं सांगायला हवं. निवृत्तीनंतर माझी थकबाकी जमा झाली, १,८५,००० रुपये. त्याचा दशांश, म्हणजे देवाला द्यायचा दहावा भाग, मी त्याच दिवशी बाजूला काढला, १८,५००. पाकिटावर माझ्या हातानं लिहिलं, "देवाचे". रविवारी मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, खजिनदारांना द्यायचे होते, ते बाहेरगावी गेले होते, म्हणून पाकीट पर्समध्ये राहिलं. सवड झाली नाही असं मी स्वतःला सांगत होते. खरं हे की येवल्याला निघताना कपाट उघडलं होतं, पाकीट ठेवायला हात पुढे नेला होता आणि मागे घेतला होता. गाडीतल्या दोन तासांत मी ते आत आहे ना, हे तीनदा चाचपून पाहिलं. मोहाला मी होकार दिला तो कपाटापाशी. दुकानात फक्त भाव ठरायचा राहिला होता.

वीस हजार आणि साडेअठरा हजार. अडतीस हजार पाचशे. एक रुपया इकडे नाही, एक रुपया तिकडे नाही. माझ्या मनात काय आलं असेल? "देवानंच जुळवून दिलं." अगदी प्रार्थनेच्या सुरात आलं. विधवेच्या घरची मुलगी, बापाची माया प्रभूनं अशी भरून काढली, पुढच्या तीन पेन्शनांतून पाकीट पुन्हा भरू, प्रभूला काय कमी आहे. मला साक्ष द्यायची वाक्यंसुद्धा सुचायला लागली होती.

मत्तयाच्या चौथ्या अध्यायात सैतान प्रभू येशूला मंदिराच्या शिरोभागी उभा करतो तेव्हा सैतानच शास्त्रातलं वचन म्हणतो, एक्क्याण्णवाव्या स्तोत्रातलं. हे मी संडेस्कूलच्या मुलांना कितीतरी वेळा शिकवलं. मोह नेहमी शिवी देत, दारूचा वास मारत येतो असं आपण मुलांना भासवतो. माझ्याकडे तो आभार मानत आला. त्यामुळे ओळखता आला नाही.

पैसे मोजायला मी पाकीट काढलं. दादांनी वरची अक्षरं वाचली. त्यांनी साडीची घडी घालणं थांबवलं आणि हळूच म्हणाले, "ताई, हे दुसऱ्या कुणाचे दिसतात." मी म्हटलं, "माझेच आहेत, नंतर भरीन." ते म्हणाले, "आमच्यातही नवीन मागावरच्या पहिल्या साडीचे पैसे देवापुढे ठेवतात. घरात कितीही नड असली तरी हात नाही लावत. तुम्ही ते आत ठेवा. साडी मी कपाटात ठेवतो. वीस हजारांतल्या पुन्हा बघू."

३८,५०० रुपयांचं गिऱ्हाईक समोर पैसे मोजत असताना दोन मागांचा माणूस हे बोलला. माझी मान खाली गेली. करिंथकरांस पहिल्या पत्रात पौल लिहितो की परीक्षेबरोबर तिच्यातून निभावण्याचा उपायही देव करतो. तो उपाय मी नेहमी माझ्या आतून येईल असं धरून चालले होते, एखादं वचन आठवेल, बळ येईल. माझ्यात त्या घडीला काहीही आलं नाही. उपाय आला तो एका परक्या माणसाच्या तोंडून, जो आमच्या चर्चची पायरी कधी चढलेला नाही. मी त्यांना काही बोलू शकले नाही, नुसते हात जोडले.

वचन आठवलं ते परतीच्या गाडीत, निफाडच्या द्राक्षबागा मागे पडत असताना. यहोशवाचा सातवा अध्याय. यरीहोच्या लुटीत जे परमेश्वराला अर्पण करायचं होतं त्यातून आखान नावाच्या इस्राएली माणसानं काय उचललं? शिनार देशातला एक सुंदर झगा, दोनशे शेकेल चांदी आणि पन्नास शेकेलांची सोन्याची कांब. यादीत पहिलं वस्त्र आहे. आणि त्याचा कबुलीजबाब तीन पायऱ्यांचा आहे: पाहिलं, लोभ धरला, घेतलं. मग तंबूत पुरून ठेवलं. पुरलेला झगा तो कधी नेसणार होता, हा प्रश्न माझ्या वर्गातल्या एका पोरानं मला विचारला होता आणि मी तेव्हा हसून पुढे गेले होते. त्या दिवशी गाडीत मला उत्तर कळलं. ती जांभळी साडी लेकीनं नेसली असती तर त्या संध्याकाळी मी तिच्याकडे नीट बघू शकले नसते.

आमच्या मंडळीत दशांशावरून दोन मतं आहेत. काही म्हणतात, तो जुन्या नियमशास्त्राचा भाग, कृपेखाली असलेल्यांना बंधन नाही. असेलही. माझ्यापुरता प्रश्न टक्क्यांचा नव्हता. मी देवाला शब्द दिला होता आणि शब्द पाकिटावर लिहिलेला होता.

आता उरलेल्या बारीकसारीक गोष्टी. साडी मलमलच्या कापडात बांधून दिली. जरीवर अत्तर मारू नका, डांबराच्या गोळ्या लागू देऊ नका, दर तीन महिन्यांनी घडी बदला आणि धुवायची झाली तर ड्रायक्लीनच करा, असं बजावलं. पावती मागितल्यावर लगेच लिहून दिली, पण मागावी लागली. ब्लाउजपीस तोकडा आहे. लेकीला कोपरापर्यंत बाही हवी होती, ती बसली नाही, शिंपिणीनं काठ जोडून भागवलं. घरात माझ्या फोनला रेंज येत नव्हती, पैसे पाठवायला मला गल्लीच्या तोंडाशी यावं लागलं, म्हणून थोडी रोख जवळ ठेवा. जाण्याआधी फोन करा, नाहीतर दोनच साड्या तयार असतील. आणि ज्या कामासाठी जाताय तेवढेच पैसे सोबत न्या. दुसऱ्या कामाचं पाकीट घरी ठेवून निघा, हे मी हात जोडून सांगते.

रिसेप्शनला लेक डाळिंबी पैठणी नेसली. जाऊबाईंनी पदर उलटून पाहिला आणि म्हणाल्या, "हातमागाची आहे." त्यापुढे काही बोलल्या नाहीत. पाकीट त्याच्या आधीच्या रविवारी दिलं. खजिनदारांनी वरची अक्षरं वाचून माझ्याकडे बघितलं आणि पावती फाडली.

परवा मैत्रिणीच्या सुनेसाठी दादांना फोन केला होता. बोलण्याच्या ओघात त्यांनी सांगितलं की ती जांभळी पुण्याचं एक कुटुंब घेऊन गेलं. ऐकून सुटल्यासारखं वाटलं. आणि खोटं कशाला सांगू, फोन ठेवल्यावर थोडा वेळ तिचा काठ डोळ्यांपुढे तसाच राहिला.