असमजिटचा सीपीयूइन्फो: प्रोसेसर ओळखण्याच्या सोयीचे परीक्षण

प्रोग्रॅम चालू असतानाच मशीन कोड तयार करून तो तिथल्या तिथे चालवणाऱ्या जस्ट-इन-टाइम कंपायलरला आधी एक गोष्ट ठाऊक असावी लागते: हाताशी असलेल्या प्रोसेसरवर कोणकोणत्या इन्स्ट्रक्शन चालतात. येथे अंदाज चुकला, तर निकाल थोडा मंद मिळतो असे होत नाही, तर ‘इलीगल इन्स्ट्रक्शन’ असा संदेश देऊन प्रोग्रॅम जागीच बंद पडतो. असा मशीन कोड तयार करून देणाऱ्या, सी प्लस प्लसमधील असमजिट या मुक्त लायब्ररीत ही जबाबदारी सीपीयूइन्फो नावाच्या क्लासकडे आहे. लायब्ररी मोठी आहे. येथे विचार केला आहे तो या एका भागाचाच.

वापरणे सोपे आहे. ‘होस्ट’ हे फंक्शन बोलावले, की यंत्राची माहिती भरलेला ऑब्जेक्ट मिळतो आणि त्याला एव्हीएक्स-२ (एकाच वेळी अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या इन्स्ट्रक्शनचा संच) आहे का, एफएमए (गुणाकार आणि बेरीज एकत्र करणाऱ्या इन्स्ट्रक्शन) आहे का, असे थेट विचारता येते. माहिती एकदाच गोळा होऊन पुढे साठवलेली मिळते, हेही महत्त्वाचे आहे; कारण इंटेलच्या प्रोसेसरवरील व्हर्च्युअल मशीनमध्ये सीपीयूआयडी ही प्रोसेसरची माहिती देणारी इन्स्ट्रक्शन दर वेळी हायपरव्हायजरकडे, म्हणजे ते मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे, जाऊन येते आणि ती वारंवार चालवणे महागात पडते. एक्सब्याक या तितक्याच नावाजलेल्या जपानी लायब्ररीत सीपीयूचा ऑब्जेक्ट तयार होताना ही विचारपूस नव्याने होते, त्यामुळे तो एकदाच बनवून जपून ठेवण्याची काळजी वापरणाऱ्याला घ्यावी लागते.

सीपीयूइन्फोचे खरे मोल मात्र वेगळ्याच ठिकाणी आहे. सीपीयूआयडीच्या पहिल्या लीफमध्ये (क्रमांक १ च्या माहितीगटात) ईसीएक्स या रजिस्टरचा, म्हणजे प्रोसेसरमधील छोट्या साठवणजागेचा, २८ वा बिट एव्हीएक्सचा आहे, आणि घाईत लिहिलेला कोड तेवढाच पाहून मोकळा होतो. पण २५६ बिटांची वायएमएम रजिस्टरे वापरायची, तर एका कामावरून दुसऱ्या कामावर जाताना ऑपरेटिंग सिस्टीमने ती जतन करून ठेवायला हवीत. २०११ साली इंटेलचे सँडी ब्रिज प्रोसेसर बाजारात आले तेव्हा ज्यांच्याकडे सर्व्हिस पॅक १ न घातलेले विंडोज ७ होते, त्यांच्या चिपमध्ये एव्हीएक्स होते, तरी प्रोग्रॅमला ते वापरता येत नव्हते. म्हणून आधी ऑपरेटिंग सिस्टीमने जतन करण्याची सोय चालू केली आहे का हे सांगणारा ओएसएक्ससेव्ह हा २७ वा बिट पाहायचा, मग कोणती रजिस्टरे जतन होतात याची नोंद असलेले एक्ससीआर-० रजिस्टर एक्सजेटबीव्ही इन्स्ट्रक्शनने वाचायचे आणि त्यातील बिट १ व २ दोन्ही चालू असतील तरच एव्हीएक्सला होकार द्यायचा. ५१२ बिटांच्या रजिस्टरांवर चालणाऱ्या एव्हीएक्स-५१२ साठी त्यांच्या जोडीला ५, ६ आणि ७ हे बिटही लागतात. असमजिट ही साखळी पूर्ण पाळते. चिपमध्ये काय आहे यापेक्षा या प्रोसेसला काय वापरता येईल, याचे उत्तर ती देते, आणि कंपायलरला हवे असते ते हेच.

ज्यांनी हे काम मन लावून केले आहे त्यांचा कस मॅकओएसच्या अपवादात दिसतो. इंटेलच्या मॅकवर ऑपरेटिंग सिस्टीम एव्हीएक्स-५१२ ची सोय आधीपासून चालू ठेवत नाही. एखाद्या थ्रेडने (प्रोग्रॅममधील स्वतंत्रपणे चालणाऱ्या धाग्याने) तशी पहिली इन्स्ट्रक्शन चालवली, की प्रोसेसरकडून एक्सेप्शन, म्हणजे त्रुटीचा इशारा, येतो आणि त्यानंतर ती सोय त्या थ्रेडला मिळते. तोवर एक्ससीआर-० मधील ते तीन बिट शून्यच असतात, म्हणजे नियमाला धरून तपासणी करणारा कोड नेमका येथे चुकतो. असमजिटमध्ये ॲपलसाठी ही बाब वेगळी हाताळली आहे आणि त्याचे कारणही शेजारच्या टिप्पणीत लिहून ठेवले आहे. स्वतः चार ओळी लिहून प्रोसेसर ओळखू म्हणणाऱ्यांनी ती टिप्पणी अवश्य वाचावी.

मॉडेलच्या नावावरून क्षमता ठरवण्याचा मोह ही लायब्ररी टाळते, हेही योग्यच. इंटेलच्या स्कायलेक पिढीतील कोअर मालिकेत एव्हीएक्स-२ आहे, पण त्याच पिढीच्या पेंटियम आणि सेलेरॉनमध्ये एव्हीएक्ससुद्धा नाही. २०२१ च्या अल्डर लेकमध्ये तर मोठ्या कोअरमध्ये एव्हीएक्स-५१२ ची यंत्रणा होती आणि लहान कोअरमध्ये नव्हती. सुरुवातीच्या काही मदरबोर्डांवर लहान कोअर बंद केले की ती वापरता येई, पुढे इंटेलने तो मार्गही बंद केला. अशा वेळी नाव एकच राहते आणि क्षमता बदलते.

एआरएम या वेगळ्या घराण्यातील प्रोसेसरांवर सीपीयूआयडीसारखी सर्वांना खुली इन्स्ट्रक्शन नाही, त्यामुळे तेथे ऑपरेटिंग सिस्टीमलाच विचारावे लागते: लिनक्सवर गेटऑक्सव्हॅल, मॅकवर सिसकंट्रोल, विंडोजवर तिचे स्वतःचे फंक्शन. असमजिट तिन्ही वाटा एकाच ऑब्जेक्टमागे झाकते. विंडोजचे फंक्शन मोजक्याच क्षमतांबद्दल बोलते, त्यामुळे तेथील यादी तोकडी असते. तो दोष लायब्ररीचा नव्हे.

उणिवा आहेत. पहिली म्हणजे, असेंबलर स्वतःहून कोणाला अडवत नाही. एव्हीएक्स-५१२ नसलेल्या यंत्रावर तुम्ही ५१२ बिटांच्या झेडएमएम रजिस्टरची इन्स्ट्रक्शन लिहिलीत, तर तो निमूटपणे तिचे बाइट तयार करून देतो. एखाद्या इन्स्ट्रक्शनला कोणत्या क्षमता लागतात हे सांगणारे ‘क्वेरीफीचर्स’ नावाचे फंक्शन लायब्ररीत आहे आणि त्याचे उत्तर होस्टच्या यादीशी ताडून पाहता येते; पण नवख्याला ते सहज सापडेल अशा जागी नाही. एकंदर दस्तऐवज नेटका असला, तरी कशानंतर काय करावे हे समजावणारा मजकूर त्यात कमी आहे.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. क्षमता असणे आणि ती वेगवान असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. एएमडीच्या झेन प्रोसेसरांच्या पहिल्या दोन पिढ्यांमध्ये बीएमआय-२ (बिट हाताळणाऱ्या इन्स्ट्रक्शनचा संच) चा बिट चालू असतो, परंतु त्यातील निवडक बिट पसरवणारी पीडेप आणि ते गोळा करणारी पेक्स्ट या इन्स्ट्रक्शन मायक्रोकोडमधून, म्हणजे प्रोसेसरमधील छोट्या अंतर्गत प्रोग्रॅममधून, चालत असल्याने कमालीच्या संथ आहेत. झेन ३ मध्ये त्या वेगवान झाल्या. केवळ बिट पाहून पेक्स्ट वापरणाऱ्याचा कोड अशा यंत्रावर साध्या शिफ्ट-मास्कच्या (बिट सरकवून निवडण्याच्या) कोडपेक्षाही मागे पडू शकतो. सीपीयूइन्फोमधून निर्मात्याचे नाव, फॅमिली आणि मॉडेल क्रमांक मिळतात, म्हणून असे अपवाद स्वतः लिहिता येतात. मात्र बिटाच्या उत्तरातच वेगाचाही निवाडा आहे, असे कोणी धरून चालू नये.

फक्त एक्स-८६ साठी, म्हणजे इंटेल आणि एएमडीच्या प्रोसेसरांसाठी, लिहायचे असेल आणि एकच हेडर जोडून काम उरकायचे असेल, तर एक्सब्याकही पुरेशी आहे. एआरएम आणि मॅक दोन्ही सांभाळायचे असतील, तर माझा कौल असमजिटला आहे. मात्र क्षमता नसताना चालणारा पर्यायी कोड नव्या यंत्रावर कधीच तपासला जात नाही. म्हणून क्यूईएमयू या दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या एम्युलेटरमध्ये एव्हीएक्स-२ वगळलेला हॅसवेल प्रोसेसर निवडून, किंवा इंटेलच्या एसडीई एम्युलेटरवर जुना प्रोसेसर निवडून, तो कोड वापरणाऱ्यांच्या हाती देण्यापूर्वी चालवून पाहावा.