लघवीतलं ओपिऑइड शोधायचंय: पट्टी, जीसी-एमएस की एलसी-एमएस/एमएस?

ओपिऑइड म्हणजे अफूपासूनची किंवा तिच्यासारखी काम करणारी औषधं. पट्टीने पहिली चाळणी होते; जीसी-एमएस (गॅस क्रोमॅटोग्राफी-मास स्पेक्ट्रोमेट्री) आणि एलसी-एमएस/एमएस (लिक्विड क्रोमॅटोग्राफी-टँडम मास स्पेक्ट्रोमेट्री) ही यंत्रं औषधं वेगळी करून वस्तुमानावरून ओळखतात, म्हणून खात्रीसाठी वापरतात. व्यसनमुक्ती केंद्राने किंवा मध्यम आकाराच्या पॅथॉलॉजी लॅबने यंत्राचं कोटेशन मागवण्याआधी दोन गोष्टी ठरवाव्यात: नेमकं कोणतं औषध शोधायचंय, आणि त्या रिपोर्टवर कुणाचं काय अवलंबून आहे.

'ओपिएट' असं छापलेली पट्टी मॉर्फिन पकडण्यासाठी बनवलेली असते. मॉर्फिन, कोडीन आणि गर्द, म्हणजे हेरॉइन (शरीरात त्याचं मॉर्फिन होतं), हे तिला प्रामुख्याने सापडतं. ट्रॅमाडॉल, बुप्रेनॉर्फिन, मेथाडोन, फेंटानिल तिच्यावरच्या अँटिबॉडीला (औषध ओळखणाऱ्या प्रथिनाला) ओळखू येत नाहीत. ट्रॅमाडॉलच्या गोळ्या खाणाऱ्याची ही पट्टी निगेटिव्ह येते आणि घरचे निर्धास्त होतात. याहून घातक चूक या तपासणीत नाही. ट्रॅमाडॉल २०१८ पासून आपल्याकडे एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याखाली आहे. त्याची आणि बुप्रेनॉर्फिनची पट्टी वेगळी घ्यावीच लागते.

पट्टी वाचतानाही घोटाळा होतो. 'टी'च्या (चाचणीच्या) जागी रेघ उमटली, कितीही पुसट असली, तरी निकाल निगेटिव्ह. रेघ नसणं म्हणजे पॉझिटिव्ह. 'सी'ची (पट्टी नीट चालल्याची) रेघच आली नाही तर चाचणी बाद. गरोदरपणाच्या पट्टीची सवय असलेला नवा कर्मचारी नेमकं उलट लिहितो.

ओपिएट पट्ट्या मुख्यतः ३०० आणि २००० नॅनोग्रॅम प्रति मिली अशा दोन मर्यादांच्या मिळतात; प्रमाण मर्यादेच्या वर गेलं की निकाल पॉझिटिव्ह. अमेरिकेत सरकारी नोकरीच्या तपासणीची मर्यादा १९९८ मध्ये ३०० वरून २००० वर नेली, कारण खसखस खाल्ल्यानेही ३०० ओलांडता येतात. आपल्याकडे अनारसे आणि खसखशीची खीर आहेच. तरी व्यसनमुक्तीच्या कामाला आम्ही ३०० चीच पट्टी सुचवू: पुन्हा सुरू झालेलं व्यसन निसटण्यापेक्षा एक जादा खात्री करणं परवडतं. नोकरीचा प्रश्न असेल तर २०००. लेव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन आणि क्षयरोगाचं रिफॅम्पिसिन काही संचांत खोटं पॉझिटिव्ह देतात, म्हणून चालू औषधांची यादी नमुन्यासोबत हवी. नमुना घेतल्यापासून ४ मिनिटांत तापमान ३२ ते ३८ अंश सेल्सिअस आहे का ते पाहा. क्रिएटिनिन (लघवीतला नेहमीचा टाकाऊ घटक) २० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल तर लघवी पातळ केल्याचा संशय धरा.

खात्रीच्या तपासणीत जीसी-एमएस जुनी आणि भरवशाची, पण हाताचं काम भरपूर. मॉर्फिन लघवीत बहुतांश ग्लुक्युरोनाइडच्या (यकृताने जोडलेल्या साखरेसारख्या गटाच्या) रूपात असतं, ते आधी सोडवावं लागतं. आम्ल घालून तापवलं की काम लवकर होतं, पण हेरॉइनचा खास पुरावा असलेलं ६-मोनोअ‍ॅसिटिलमॉर्फिन त्यात मॉर्फिन होऊन जातं. ते तसंही लघवीत जेमतेम दिवसभर टिकतं, म्हणून त्याच्यासाठी नमुन्याचा वेगळा भाग ठेवा. बीटा-ग्लुक्युरोनिडेज एन्झाइम सौम्य असतं, मात्र वेळ जास्त लागतो आणि कोडीनची जोडणी ते अर्धवट सोडवू शकतं. पुढे एसपीई (औषध धरून ठेवणाऱ्या घन पदार्थाच्या) कॉलममधून शुद्धीकरण, नायट्रोजनखाली पूर्ण सुकवणं, मग औषध यंत्रात वाफ होण्याजोगं करणारं बीएसटीएफए हे रसायन घालून ७० अंशांवर सुमारे अर्धा तास. कुपीत पाण्याचा अंश राहिला की ही क्रिया (सिलिलेशन) फसते आणि आलेखावरचं मॉर्फिनचं शिखर खुजं होतं किंवा दुभंगतं. ऑक्सिकोडोनसारख्या कीटो गटाच्या औषधांना त्याआधी आणखी एका रसायनाने ऑक्झिम या स्थिर रूपात आणावं लागतं, नाहीतर एकाच औषधाची दोन-तीन शिखरं येतात.

एलसी-एमएस/एमएसला डेरिव्हेटायझेशन (बीएसटीएफएसारखी रासायनिक पूर्वतयारी) लागत नाही. लघवी दहापट पातळ करून थेट सोडता येते आणि एकाच धावेत मॉर्फिन, ट्रॅमाडॉल, बुप्रेनॉर्फिन, फेंटानिल मोजता येतात. फेंटानिल १ नॅनोग्रॅम प्रति मिलीच्या आसपास शोधायचं तर हाच मार्ग सोयीचा. इथली अडचण आयन सप्रेशनची: लघवीतले क्षार सिग्नल दाबतात, म्हणून प्रत्येक औषधाचं ड्युटेरियमयुक्त (जड हायड्रोजनचं) अंतर्गत मानक, म्हणजे तुलनेसाठी ठरावीक प्रमाणात मिसळलेला त्याच औषधाचा जड नमुना, घ्यावं. मॉर्फिन आणि हायड्रोमॉर्फोन यांचं वस्तुमान सारखंच, दोघंही यंत्राच्या वस्तुमान-पट्टीवर २८६ वर दिसतात. ते कॉलमवर वेगळे झाले नाहीत तर महागडं यंत्रही चुकीचं नाव सांगेल.

बुप्रेनॉर्फिनवर ठेवलेल्या रुग्णासाठी तर या यंत्राला पर्याय नाही. बुप्रेनॉर्फिन भरमसाट आणि नॉरबुप्रेनॉर्फिन (शरीरात त्याचं होणारं रूप) जवळपास शून्य असेल, तर गोळी शरीरात न जाता लघवीच्या डबीत विरघळवली असण्याची शक्यता मोठी. पट्टी इथे नुसतं 'पॉझिटिव्ह' म्हणून मोकळी होते.

रोजचे मोजकेच नमुने असलेल्या केंद्राने एलसी-एमएस/एमएस विकत घेऊ नये. यंत्राबरोबर नायट्रोजन, सर्व्हिस करार आणि जाणकार माणूस असा सगळा संसार येतो. ओपिएट, ट्रॅमाडॉल, बुप्रेनॉर्फिन अशा तीन पट्ट्या ठेवा, प्रत्येक नमुन्याचा अर्धा भाग उणे २० अंशांवर गोठवा आणि वादाचे तेवढे बाहेर पाठवा. पाठवताना लॅबकडून औषधांची यादी आणि प्रत्येकाची किमान मर्यादा लेखी घ्या. 'ओपिऑइड निगेटिव्ह' एवढंच लिहून आलेला रिपोर्ट स्वीकारू नका.