शाळकरी मुलांसाठी बटणाचा फोन: एकट्याने घेऊ नका, वर्गाने मिळून घ्या

पाचवी-सहावीतल्या मुलाच्या हातात स्मार्टफोन येतो तो अभ्यासापेक्षा बसच्या काळजीने. ठाण्याच्या घोडबंदर रोडवर राहणाऱ्या पालकांना हे वेगळं सांगायला नको. कासारवडवलीहून ठाण्यात येणारी बस कापूरबावडीला कधी दहा मिनिटं अडकते, कधी तासभर. गायमुख घाटात एखादा ट्रेलर बंद पडला की अख्खा रस्ता तुंबतो. अशा वेळी मुलाशी बोलता यायला हवं, ही गरज खरी आहे. पण त्यासाठी इंटरनेट लागत नाही. बटणाचा फोन हे काम चोख करतो. तो टिकतो की महिन्याभरात कपाटात जातो, हे मात्र फोनवर कमी आणि वर्गातल्या इतर घरांवर जास्त अवलंबून असतं. म्हणून या परीक्षणात फोनच्या बरोबरीने सिम, शाळेतली फोन ठेवायची सोय आणि मुलांना इतक्यात स्मार्टफोन न देण्याचा पालकांचा आपसातला करार हेही आलं आहे.

आधी फोन. दुकानात ‘साधा फोन दाखवा’ म्हटलं की काउंटरवर तीन अगदी वेगळ्या प्रकारचे फोन येतात आणि दिसायला तिन्ही सारखेच असतात.

पहिला प्रकार फक्त टूजीवर चालणारा. नोकिया १०५चं २०२३मधलं मॉडेल हे त्याचं चांगलं उदाहरण: १.८ इंची पडदा, १००० एमएएचची बॅटरी, टॉर्च, एफएम. कॅमेरा नाही. शाळेच्या दृष्टीने कॅमेरा नसणं हा या फोनचा सगळ्यात मोठा गुण, कारण शाळांचा खरा आक्षेप वर्गात आणि स्वच्छतागृहात होणाऱ्या चित्रीकरणाला असतो. अडचण एकच, पण मोठी: यात जिओचं सिम चालत नाही. जिओचं जाळं फोरजीपासून सुरू होतं, टूजी त्यांच्याकडे नाहीच. घरात सगळ्यांचं जिओ म्हणून मुलालाही तेच सिम आणलं, की पडद्यावर ‘नो सर्व्हिस’ दिसतं आणि फोन खराब निघाला म्हणून दुकानदाराशी वाद होतो. या फोनला एअरटेल किंवा व्हीआयचं सिम घ्या.

दुसरा प्रकार फोरजी कीपॅडचा, नोकिया १०६ फोरजी किंवा ११० फोरजीसारखा. यात जिओही चालतं, आवाज जास्त स्वच्छ येतो आणि बॅटरी १४५० एमएएचची आहे. पण मेमरी कार्डाची खाच असते. ती रिकामीच ठेवा. ११०मध्ये कॅमेराही आहे, त्यामुळे शाळेसाठी १०६ बरा. पुढे कधी टूजी सेवा आवरती घेतली गेली तरी फोरजी फोन निरुपयोगी होणार नाही. थोडे जास्त पैसे पडले तरी आमचा कौल या प्रकाराला.

तिसऱ्या प्रकारापासून सावध राहा. बटणं आहेत, पण आत इंटरनेट आहे. जिओभारतवर व्हिडिओ, गाणी आणि यूपीआय आहे आणि तो जिओच्या सिमशिवाय चालत नाही. जिओफोन प्राइमा यूट्यूबसह येतो. गावी आजोबांना द्यायला हे फोन छान आहेत. सहावीतल्या मुलासाठी मात्र हा लहान पडद्याचा स्मार्टफोनच. दुकानात फोन सुरू करून मेन्यू शेवटपर्यंत बघा. ब्राउझर, स्टोअर, यूट्यूब किंवा हॉटस्पॉट यापैकी काही दिसलं तर फोन परत ठेवा. हॉटस्पॉटकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. तो असेल तर खिशातला ‘साधा’ फोन दप्तरातल्या टॅबला इंटरनेट पुरवू शकतो.

सिमची गोष्ट फोनपेक्षा महत्त्वाची. १८ वर्षांखालच्या व्यक्तीला सिम मिळत नाही, त्यामुळे ते पालकाच्याच नावावर येतं. रिचार्ज मात्र डेटाचा मारू नका. दूरसंचार नियामक ट्रायने डिसेंबर २०२४मध्ये सांगितल्यावर कंपन्यांनी जानेवारी २०२५पासून फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक आणले. तेव्हा ८४ दिवसांना जिओचा दर ४४८ रुपये होता आणि एअरटेलचा ४६९. रिचार्जच्या दिवशी ताजा दर बघा. अॅपमध्ये हे पॅक सगळ्यात खाली असतात आणि दुकानदार सवयीने डेटाचाच पॅक मारतो, म्हणून ‘फक्त व्हॉइसचा’ असं स्पष्ट सांगा. डेटाच नसेल तर मेन्यूतल्या बऱ्याच गोष्टी आपोआप निकामी होतात.

एक पळवाट पालकांच्या ध्यानीमनी नसते. व्हॉट्सअॅप उघडायला २०२५पर्यंत तरी सिम त्याच फोनमध्ये असावं लागत नव्हतं, फक्त ओटीपी लागायचा. ओटीपी बटणाच्या फोनवर येतो आणि खातं मित्राच्या किंवा घरातल्या जुन्या हँडसेटवर उघडतं. यावर उपाय सोपा आहे. सिम सुरू झाल्या दिवशीच त्या नंबरचं व्हॉट्सअॅप खातं पालकाने स्वतःच्या फोनवर दुसरं खातं म्हणून उघडायचं आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन लावून टाकायचा. नंतर कोणी तो नंबर दुसरीकडे चालू करायला गेलं तर पालकाचं खातं बंद पडतं आणि लगेच कळतं. हा नंबर बँकेला किंवा यूपीआयलाही जोडू नका. यूपीआय १२३पेमुळे बटणाच्या फोनवरूनही पैसे जातात.

काही बारीकसारीक गोष्टी. खाच मोठ्या सिमची असेल तर नॅनो सिम अॅडॉप्टरशिवाय सरकवू नका, ते आतल्या पिनांत अडकतं आणि काढताना पिना वाकतात. नोकिया १०५चं चार्जिंग मायक्रो यूएसबीचं आहे, घरातल्या सी-टाइप केबली चालत नाहीत. कीपॅड लॉक आपोआप लागेल असं सेटिंग करा, नाहीतर दप्तरातून दिवसभर आईला कॉल जातात आणि खरा कॉल आला तरी आई उचलत नाही. स्पीड डायलवर आई, बाबा, शेजारचं एक घर, शाळेचं ऑफिस आणि बसमधल्या मदतनीस मावशी. महाराष्ट्राच्या २०११च्या स्कूलबस नियमांप्रमाणे बसमध्ये मदतनीस असायला हवी आणि शाळेत परिवहन समितीही. मावशींचा नंबर त्या समितीकडून मागून घ्या. ११२ (आपत्कालीन मदत) आणि १०९८ (मुलांची हेल्पलाइन) हे दोन नंबर मुलाला तोंडपाठ हवेत. पावसाळ्यात फोन झिपच्या पिशवीत ठेवा.

उणीव म्हणाल तर लोकेशन. बटणाच्या फोनवरून मूल कुठे आहे ते नकाशात दिसत नाही. बसला जीपीएस असेल तर त्याचं अॅप पालकाच्या फोनवर घ्या. रिक्षाने किंवा टीएमटीने, म्हणजे ठाणे महापालिकेच्या बसने, येणाऱ्या मुलाने चढल्यावर एक आणि उतरल्यावर एक मिस्ड कॉल द्यायचा, एवढी शिस्त पुरते. आवाज, बॅटरी आणि किंमत पाहता फोनला पाचपैकी साडेचार गुण. लोकेशनवाचून ज्यांच्या जिवाला घोर लागतो त्यांच्यासाठी साडेतीन.

आता कराराकडे. वर्गातल्या चाळीसपैकी एकाच मुलाकडे बटणाचा फोन असेल तर त्याची थट्टा होते आणि थट्टेपुढे कुठलाही फोन टिकत नाही. दहा जणांकडे असेल तर ती वर्गातली एक रीत होते. अमेरिकेत २०१७मध्ये सुरू झालेल्या ‘वेट अनटिल एट्थ’ (आठवीपर्यंत थांबा) या पालक-मोहिमेत हाच हिशेब आहे: एका शाळेच्या एका इयत्तेतल्या दहा कुटुंबांनी सही केल्यावरच स्मार्टफोन न देण्याचा शब्द लागू होतो. आयर्लंडमधल्या ग्रेस्टोन्स गावात २०२३मध्ये आठ प्राथमिक शाळांच्या पालक संघांनी मिळून असाच ठराव केला. आपल्याकडे सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२पासून संध्याकाळी सातचा भोंगा वाजला की दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायची रीत पाडली. तिन्ही ठिकाणी मूळ एकच: कोणीतरी एकटं पडू नये.

ठाण्यातल्या शाळेत हे करायचं तर अख्खी शाळा धरू नका, एक तुकडी धरा. चौथीचं वर्ष संपता संपता, म्हणजे फोन घरात यायच्या आधी. नववीत सुरू केलेला करार बहुधा कागदावरच राहतो, कारण तेव्हा मुलांच्या हातून काढून घ्यावं लागतं आणि त्याची भांडणं घरोघरी होतात. कागद एका पानाचा असावा. त्यात ‘मोबाइल’ असं लिहू नका. ‘मुलाचं स्वतःचं इंटरनेट चालणारं कोणतंही साधन’ असं लिहा, नाहीतर वाढदिवसाला सिमचं स्मार्टवॉच येतं आणि करार शब्दशः पाळलेला असतो. मुदत लिहा: आठवी संपेपर्यंत. सही न करणाऱ्या घरांची नावं ग्रुपवर टाकू नका. तिथेच निम्मे करार मोडतात, कारण मग विषय मुलांचा उरत नाही, मोठ्यांच्या मानापमानाचा होतो. ज्यांच्या घरी दहावीतला ताई-दादा आहे त्यांना जास्त त्रास होणार, हे धरूनच चाला. त्यांना मोठ्या भावंडाचा फोन रात्री नऊनंतर हॉलमध्ये चार्जिंगला लावायचा, एवढंच सुचवा.

शाळेकडे जाताना पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीतूनच जा. २०११च्या फी-नियंत्रण कायद्यामुळे खासगी शाळांना हा संघ स्थापन करावाच लागतो आणि मुख्याध्यापक त्याचे अध्यक्ष असतात, म्हणून विषय त्यांच्या टेबलावर नीट पोहोचतो. ‘सरसकट बंदी घाला’ असं मागू नका. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५मध्ये सरसकट बंदी नाकारली. शक्य असेल तिथे फोन शाळेत जमा करून घ्यावेत, वर्गात, बसमध्ये आणि आवारात वापरावर नियंत्रण असावं, अशा सूचना मात्र दिल्या. महाराष्ट्रातल्या शाळांवर तो आदेश थेट बंधनकारक नाही, पण मुख्याध्यापकांपुढे ठेवायला तो भक्कम कागद आहे. सीबीएसईच्या शाळा असतील तर २००९चं मंडळाचं मोबाइलविषयीचं परिपत्रकही सोबत जोडा.

फोन जमा करायला कापडी खिशांचा पडदा हा सगळ्यात स्वस्त मार्ग. शिंप्याकडून जाड कॅनव्हासचा शिवून घेता येतो: पाच ओळी, प्रत्येकी आठ खिसे, प्रत्येक खिसा साधारण चार इंच रुंद आणि सात इंच खोल, पुढे पारदर्शक प्लास्टिकची खिडकी आणि हजेरी क्रमांक. खिडकी नसेल तर रिकामा खिसा ओळखू येत नाही. तरीही नुसत्या पडद्यावर भिस्त ठेवू नका, मधल्या सुट्टीत वर्ग मोकळा असतो. पडदा गुंडाळून वर्गशिक्षकांच्या कुलपाच्या कपाटात जाईल असाच शिवा. फोन बंद करूनच आत जायला हवा, नाहीतर तिसऱ्या तासाला गजर वाजतो. उन्हाच्या खिडकीजवळ पडदा टांगू नका, बॅटरी तापते. मुलं जुना बंद पडलेला हँडसेट खिशात टाकून चालू फोन दप्तरात ठेवतात, म्हणून नोंदवहीत प्रत्येकाच्या फोनचं मॉडेल आणि रंग लिहिलेला हवा. परत देताना गर्दी होते आणि बस चुकते. शेवटच्या तासाची पाच मिनिटं त्यासाठी राखून बाकांच्या रांगेने फोन द्यावे लागतात. शिक्षकांवर हा भार पडतो हे खरं आहे, म्हणून पडद्याचा खर्च आणि ‘हरवल्यास शाळा जबाबदार नाही’ या कागदावरची सही पालकांनी आपणहून पुढे करावी. या सोयीला तीन गुण. फोन जमा करण्यापेक्षा फोन न आणणं केव्हाही बरं.

मात्र एका गोष्टीत शाळेला सूट देऊ नका: गृहपाठ व्हॉट्सअॅपवर पाठवणं. रात्री साडेनऊला पीडीएफ आला की मुलाच्या हातात फोन जातो आणि सगळ्या करारावर पाणी पडतं. मागणी साधी ठेवा. गृहपाठ डायरीत लिहून द्यावा, ग्रुपवर फक्त पालकांसाठीच्या सूचना आणि त्याही संध्याकाळी सहाच्या आत, मुलांनी स्वतः व्हिडिओ काढून पाठवायचे उपक्रम बंद. क्लासचं अॅप असेलच तर बैठकीच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर ब्राउझरमधून चालतं का ते बघा.

घरातला खरा चोर म्हणजे ड्रॉवरमधला जुना हँडसेट. सिम नसलं तरी वायफायवर तो पूर्ण स्मार्टफोन असतो. राउटरवर त्याचा मॅक पत्ता (वायफायवर फोनला ओळखायचा क्रमांक) ब्लॉक करण्याचा उपाय फसतो, कारण अँड्रॉइड १०पासून फोन प्रत्येक वायफायला बनावट मॅक पत्ता दाखवतो आणि सेटिंगमध्ये एक पर्याय बदलला की राउटरला तो नवा फोन वाटतो. वायफायचा पासवर्ड बदलणं आणि जुने हँडसेट विकून टाकणं, हेच खात्रीचं. घरच्या सामाईक टॅबला गुगल फॅमिली लिंक लावा. रात्रीची वेळ ठरवणं, अॅपला परवानगी देणं यासाठी ते चांगलं आहे. पण पालकाच्या फोनचा लॉक मुलाला माहीत असेल तर ते नसल्यासारखंच.

करारात अपवादाची एक ओळ आधीच लिहून ठेवा. टाइप वन मधुमेह असलेल्या काही मुलांचा साखर मोजणारा सेन्सर स्मार्टफोनवरच आकडे दाखवतो आणि धोक्याची सूचनाही तिथेच येते. असा फोन खिशांच्या पडद्यात जाता कामा नये, तो मुलाजवळ किंवा वर्गशिक्षकांच्या टेबलावर चालू असायला हवा. श्रवणयंत्राचं अॅप वापरणाऱ्या मुलांचंही तसंच. डॉक्टरांचं पत्र मुख्याध्यापकांकडे द्यायचं, वर्गात त्याची चर्चा करायची नाही आणि त्या घराला करारातून वगळायचंही नाही. त्या फोनवर त्या कामाचं अॅप आणि कॉल, एवढंच ठेवून सही घ्यायची.