हिवाळी छाटणीसाठी लांब दांड्यांची कात्री घ्यावी की घडीची करवत?

पानगळ पूर्ण होऊन झाड सुप्तावस्थेत गेले की त्याचा सांगाडा स्पष्ट दिसू लागतो आणि कोणती फांदी काढायची हे ठरवणे सोपे होते. ती कशाने काढायची, हा प्रश्न मात्र उरतो. अंगठ्याएवढ्या जाडीपर्यंतच्या फांद्या हातकात्रीने निघतात आणि मनगटापेक्षा जाड फांद्यांना मोठी करवतच लागते, त्याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. अडचण असते ती साधारण 2 ते 4 सेंटीमीटर जाडीच्या मधल्या फांद्यांची, आणि माझ्या अनुभवात हिवाळी छाटणीचा मोठा भाग याच फांद्यांचा असतो. मी पहिले काही हिवाळे या कामासाठी लांब दांड्यांची कात्री वापरली आणि नंतर घडीच्या करवतीकडे वळलो. माझा कल कोणीकडे आहे हे त्यावरून कळेलच, तरीही कात्रीची बाजू नीट मांडणे मला आवश्यक वाटते.

कात्रीचा मोठा गुण म्हणजे वेग. दांडे मिटले की फांदी खाली पडते. भुसा उडत नाही आणि धार चांगली असेल तर छेद गुळगुळीत येतो. शिवाय फांदी एका दाबात तुटत असल्यामुळे ती अर्धवट कापली जाऊन स्वतःच्या वजनाने खाली लोंबण्याचा आणि खोडाची साल सोलून नेण्याचा धोका कमी असतो. बुडापासून अनेक काटक्या फुटणाऱ्या झुडपांसाठी तर मी आजही कात्रीच हातात घेतो. बडलियासारखे झुडूप, जे त्याच वर्षीच्या नव्या फुटव्यांवर फुलते आणि म्हणून हिवाळा सरताना बरेच खाली छाटले जाते, ते करवतीने छाटणे त्रासाचे असते, कारण लवचीक काटकी करवतीबरोबर पुढेमागे हलत राहते आणि दात नीट लागत नाहीत. कात्री घ्यायचीच असेल तर दोन पाती एकमेकांना घासून जाणारी घ्यावी. ज्या प्रकारात पाते सपाट पट्टीवर आदळते, तो प्रकार वाळलेल्या लाकडाला ठीक असला तरी जिवंत सालीला चेंगरतो.

आता ज्या एका गोष्टीमुळे मी कात्री बाजूला ठेवली, तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. कात्रीचे एक पाते पातळ आणि धारदार असते, तर दुसरा जबडा जाड आणि आकड्यासारखा असतो. फांदी जिथे खोडाला मिळते, तिथला कोन रुंद असेल तर पातळ पाते खोडाच्या बाजूला ठेवून हवा तसा छेद घेता येतो. परंतु बेचके अरुंद असेल, तर कात्री उलटसुलट कशीही धरली तरी तिचे तोंड आत पुरेसे शिरत नाही, आणि शिरलेच तर दांडे उघडायला शेजारच्या फांद्या जागा देत नाहीत. अशा वेळी मी नाइलाजाने दोन-तीन सेंटीमीटर बाहेर सरकून कापत असे आणि मागे एक खुंट राहत असे. सफरचंदाच्या एका जुन्या झाडावर पहिल्या दोन हिवाळ्यांत मी असे पुष्कळ खुंट ठेवले. पुढच्या हिवाळ्यात त्यांतले बहुतेक करडे आणि भुसभुशीत झालेले होते, त्यांच्याभोवती नवी साल चढत आली होती पण मधल्या मेलेल्या लाकडामुळे तिला मिटता येत नव्हते, आणि शेवटी तो प्रत्येक खुंट मला करवतीने पुन्हा काढावा लागला.

खुंट इतका का महत्त्वाचा, हे वृक्षशास्त्राने चांगले स्पष्ट केले आहे. अमेरिकेच्या वनसेवेत काम केलेले अ‍ॅलेक्स शायगो यांनी असंख्य झाडे चिरून पाहिली आणि 1970 च्या दशकात हे दाखवून दिले की झाड आपल्या कातडीसारखी जखम भरून आणत नाही, तर जखमेभोवती आतून भिंती उभारून कुजणे तिथेच कोंडून ठेवते. या भिंतींपैकी महत्त्वाचा भाग फांदीच्या बुडाशी दिसणाऱ्या फुगीर वळीत असतो. छेद वळीच्या लगेच बाहेर हवा. वळीसकट खोडाला घासून कापणे जितके वाईट, तितकेच खुंट सोडणेही वाईट. म्हणजे सारा प्रश्न काही मिलिमीटरांचा आहे, आणि अरुंद बेचक्यात नेमके तेवढेच मिलिमीटर कात्रीचा जबडा अडवून धरतो.

घडीच्या करवतीचे पाते पातळ असल्यामुळे ते या फटीत सहज शिरते. बेचके फारच अरुंद असेल तर खालून वर कापत यावे, म्हणजे वळी शाबूत राहते. ही करवत ओढताना कापते, ढकलताना नाही. सुरुवातीला माझ्याकडून ढकलतानाही जोर लागला आणि एक पाते वाकले. तिचे दोषही लपवण्यासारखे नाहीत. फांदी जड असेल तर आधी खालून थोडी खाच घेऊन, मग वरून कापून वजन उतरवावे लागते आणि त्यानंतर वळीजवळचा शेवटचा छेद घ्यावा लागतो. कात्रीने एका दमात होणारे काम इथे तीन टप्प्यांत होते. अनेक पात्यांचे दात कठीण केलेले असल्यामुळे त्यांना कानस लागू पडत नाही आणि बोथट झाल्यावर पाते बदलावेच लागते, तर कात्रीला घरी धार लावता येते. फांदी धरणाऱ्या दुसऱ्या हातात जाड हातमोजा असणे मी अनिवार्य मानतो.

वेगाचा हिशेब मी घड्याळ लावून केलेला नाही. तरीही एकेका फांदीमागे करवतीला जास्त वेळ लागत असूनही, पूर्ण झाडाचे काम मला तिने लवकर संपल्यासारखे वाटते, कदाचित त्याच जागी पुन्हा यावे लागत नाही म्हणून. ज्यांच्या बागेत मुख्यतः झुडपे आहेत, त्यांचा अनुभव वेगळा असू शकतो आणि त्यांनी कात्री निवडली तर मला ती चूक वाटणार नाही. परंतु सफरचंद किंवा नाशपातीसारखी एक-दोन झाडे जरी असतील, तरी माझ्या मते पहिले अवजार करवत असावे. चेरी आणि आलुबुखाराची झाडे मी या हिशेबात धरलेली नाहीत, कारण रुपेरी पानांच्या बुरशीजन्य रोगाच्या भीतीने त्यांची छाटणी उन्हाळ्यातच केलेली बरी.

तरीही मन द्विधा असेल, तर पाने गळून गेल्यावर एकदा झाडाजवळ उभे राहून काढायच्या फांद्या नजरेने हेराव्यात, आणि त्यांपैकी किती बेचक्यांत दोन बोटे आडवी शिरत नाहीत ते मोजावे.